सहा चाकं, एका रेषेत

बदलापूरच्या आमच्या कॉलेजात जिन्याखाली एक तिरकी खोली होती. आत शिरताना मान वाकवावी लागायची, आणि मी काही ताडमाड उंच नाही, तरी माझं कपाळ तिथे दोनदा चांगलं फुटलंय. एक लांब टेबल, एक खिळखिळं कपाट, भिंतीला टांगलेले पाने आणि पक्कडी, आणि सदैव जळक्या सोल्डरचा वास. कॉलेजचा रोबोटिक्स क्लब म्हणजे ही खोली. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. आम्ही खडूने लिहायचो आणि झाडूवाल्या मावशी दर शनिवारी पुसायच्या.

मला ती खोली जीव की प्राण होती. आमचं घर अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला, दोन खोल्यांचं. आई, पप्पा, आजी, आम्ही तीन भावंडं. घरात कोणी शिकू नको म्हणत नव्हतं; उलट शिकणं हा आमच्या घरातला एकमेव हट्ट होता जो चालायचा. पण पुस्तक उघडून बसलं की कोणीतरी म्हणायचंच, "जरा बाजूला हो, पाट ठेवायचाय." जिन्याखालच्या खोलीत मला कोणी बाजूला हो म्हणत नव्हतं. तिथल्या टेबलाचा एक कोपरा माझा होता आणि तिथे माझे स्क्रू मी ठेवीन तसेच दुसऱ्या दिवशी सापडायचे.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला क्लबच्या सरांनी आम्हाला बोलावून घेतलं. सर भला माणूस. वाईट बातमी सांगायची असली की ते आधी चष्मा पुसायचे. बराच वेळ चष्मा पुसून म्हणाले, "वरून निरोप आहे. या वर्षी स्पर्धेची पहिली फेरी पार झाली तर खोली आपली. नाही झाली तर परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवीये."

"म्हणजे आमच्यापेक्षा गठ्ठे महत्त्वाचे?" मी विचारलं. माझ्या नाकावर राग कायम असतो, हे सरांनाही ठाऊक होतं.

"गठ्ठे हरत नाहीत," सर म्हणाले.

हे ऐकून आमचा प्रोग्रामिंगवाला हसला आणि मी त्याला कोपराने ढोसलं. हा बदलापूरचाच मुलगा, पहिल्या वर्षापासून माझा जोडीदार. कोड तो लिहायचा आणि रिमोटही त्याच्याच हातात असायचा. माझ्याकडे होती ड्राइव्हट्रेन. म्हणजे मोटर, चेन, चाकं, ती ज्यावर बसतात तो सांगाडा: थोडक्यात रोबोचे पाय. बाकी सगळे त्याला रोबो म्हणायचे, मी गाडी म्हणायचे. पहिल्या फेरीत करायचं होतं ते ऐकायला अगदी किरकोळ. रोबोने सरळ जायचं, टोकाच्या खांबाला वळसा घालायचा, वाटेतल्या रिंगा उचलून परत यायचं. सगळा जीव त्या वळशात होता.

मी सहा चाकांचं डिझाइन केलं. प्रत्येक बाजूला अॅल्युमिनियमची एक लांब पट्टी, तिला तीन होल, प्रत्येक होलमध्ये बेअरिंग, त्यातून चाकाचा दांडा. मोटर मधल्या चाकाला, आणि मधल्या चाकावरून पुढच्या-मागच्या चाकांना चेन. कागदावर तिन्ही होल मी एका सरळ रेषेत काढले होते. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या ड्रिल मशीनवर आम्ही दोन्ही पट्ट्या एकावर एक धरून होल पाडले. पत्रा पातळ, काम कच्चं. पण पहिल्याच दिवशी गाडी वळली! जागच्या जागी, लट्टूसारखी गर्रकन. व्हरांड्यात पोरं गोळा झाली. मी तेव्हा इतकी फुगले की दारातून गेले नसते. माझं डिझाइन, माझं गणित, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले.

एकच खोड होती. ती डुलायची. पुढून बोट दाबलं की पुढे झुकायची, मागून दाबलं की मागे. प्रोग्रामिंगवाला तिला दारुडी म्हणायचा. "पत्रा पातळ आहे म्हणून डुलते," मी ठणकावून सांगितलं. पातळ तर तो होताच. रिंगा उचलायचा हात वर बसवला तर पट्ट्या मधोमध वाकायला लागल्या. त्यामुळे खऱ्या गाडीला जाड पट्ट्या हव्या होत्या, आणि त्यांना होल पाडणं आमच्या मशीनच्या बसकी बात नव्हती.

अशा वेळी आमच्याकडे माणूस उल्हासनगरला जातो. कॅम्प चारमध्ये एका गल्लीत एका सिंधी अंकलचं छोटं वर्कशॉप होतं. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या मशीनला जे जे लागतं, ते ते अंकल बनवायचे. कंपनीचा पार्ट घेऊन जा आणि त्याचा जुळा भाऊ घेऊन ये. आमच्या भागात ही एक रीतच आहे: ड्रॉइंग कोणी बघत नाही, सँपल मागतात. आणि सँपल द्यायचं म्हणजे बेतानंच द्यायचं. एका गिऱ्हाईकाने म्हणे एकदा दात तुटलेलं चक्र दिलं होतं, अंकलनी दात तुटलेली डझनभर चक्रं करून दिली. "मेरेको क्या मालूम, तेरी मशीन को वैसा ही लगता होगा," हे त्यांचं त्यावरचं उत्तर. वस्तू कशासाठी हवी हे ते कधी विचारत नाहीत आणि आपलं डोकं कधी लावत नाहीत, ही त्यांची ख्याती. म्हणून तर मी त्यांच्याकडे गेले.

मी माझं ड्रॉइंग पसरलं. त्यांनी ते घडी घालून मला परत दिलं.

"सँपल लायी है?"

मी दोनपैकी एक जुनी पट्टी पुढे केली. दुसरी खोलीवरच होती. आम्ही तिच्यावर चहाचे ग्लास ठेवायचो.

"दो पीस चाहिए अंकल, मोटे पत्रे में. सेम टू सेम."

"सेम टू सेम," ते म्हणाले. मग पट्टी हातात फिरवली, डोळ्यासमोर धरली, आणि त्यांनी कधी न विचारलेलं विचारलं. "ये है किस चीज का, बेटा?"

आता वाटतं, तेव्हा मी "कॉलेज का काम है" म्हणून मोकळी झाले असते तर? पण मला कोणी प्रेमाने विचारलं की मी पागोळीसारखी गळायला लागते. मी सगळं सांगितलं. गाडी, खांब, वळसा, जिन्याखालची खोली, गठ्ठे. बोलताना माझा आवाज जरा फाटलाही. अंकलनी मशीन बंद केलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "तेरा रूम नहीं जाएगा. मैं बैठा हूँ ना."

पट्ट्या आल्या तेव्हा आरशासारख्या चमकत होत्या. बेअरिंग होलमध्ये असं बसलं की दोन बोटांनी दाबल्यावर टक्. आम्ही गाडी जोडली, टेबलावर ठेवली, पुढून दाबली, मागून दाबली. डुलणं नावाला नाही! सहाही चाकं एकदम टेबलाला टेकलेली. "दारू सुटली हिची," प्रोग्रामिंगवाला म्हणाला, आणि आम्ही टाळ्या पिटल्या.

मग गाडी व्हरांड्यात उतरवली. सरळ गेली, बाणासारखी. वळायला सांगितलं तर जागेवर थरथरली, तिने बेडकासारख्या दोन उड्या मारल्या आणि मोटरमधून जळका वास आला.

तिथून आमचे हाल सुरू झाले. आम्ही एकमेकांना खायला उठलो.

"तुझी चेन टाईट आहे," तो म्हणाला.

"माझी चेन? आधी तुझा कोड बघ. काहीतरी लोचा केलायस तू."

"कोड तोच आहे यार, जुना. एक ओळ बदललेली नाही. जुन्या गाडीवर चालत होता ना?"

"जुन्या गाडीवर माझी चेनपण चालत होती!"

चेन सैल केली, तर ती दात सोडायला लागली. परत ताणली. मोटर बदलल्या. बॅटरी बदलली. रिंगा उचलायचा हात काढून ठेवला, तरी तेच. चाकांचं रबर फरशीला फार चिकटतंय म्हणून मी घरून पावडरचा डबा आणला. चाकांना पावडर फासून गाडी वळवली तर ती तिरकी घसरत जाऊन सरांच्या बुटावर आदळली. मोटरला वीज देणारी सर्किटं एकामागून एक धुराला लागली. पट्ट्यांवर मात्र कोणाची नजर जाईना. त्या अंकलच्या होत्या, सेम टू सेम होत्या. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण अंकलचा पीस सँपलपेक्षा वेगळा निघणार नाही, अशी आमची खात्री.

त्या दिवसांत मला जेवण जायचं नाही. आई म्हणायची, "अगं वळत नाही तर उचलून वळवा की. हातगाडीवाला नाही का वळवत?" मी ताटावरून उठून गेले. तिला काय सांगणार, की स्पर्धेत हात लावला की बाद? मोरीत तोंड धुता धुता रडले. खरं सांगते, त्या गाडीला मी मनातल्या मनात हात जोडले, शिव्या दिल्या, परत हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी महाशिवरात्र होती. कॉलेजला सुट्टी, पण सरांनी खोली उघडून घेतली होती. मी ठरवलं, झक मारू दे ती जाड पट्टी, जुन्या पत्र्यावर परत जायचं, दुसरी जुनी पट्टी अंकलकडून आणता येईल. वाकला तर वाकला, निदान वळेल तरी. चहाचे ग्लास बाजूला केले, जुनी पट्टी पुसली आणि रिंगांचा हात बसवायची भोकं तिच्यावर आखून घ्यायला गाडीतून सोडवलेल्या नव्या पट्टीवर ठेवली. दोन्ही हलू नयेत म्हणून टोकांच्या दोन होलांतून दांडे घातले. ते गेले. मधल्या होलात दांडा घालायला गेले तर जाईना.

मी जोर लावला. पट्टी उलटी करून बघितली. मग खाली वाकून एका डोळ्याने बघितलं. जुन्या पट्टीचं मधलं होल खाली होतं. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढं. होल पाडताना कॉलेजच्या मशीनवर पट्ट्या सरकल्या असणार. नव्या पट्टीत तिन्ही होल दोरीत ओवल्यासारखे सरळ, हुबेहूब माझ्या ड्रॉइंगसारखे.

प्रोग्रामिंगवाल्याला समजायला वेळ लागला नाही. "म्हणून ती डुलायची," तो हळूच म्हणाला. मधली दोन चाकं खाली, म्हणून गाडी त्यांच्यावर उभी राहायची, आणि वळताना त्यांच्यावरच गिरकी घ्यायची. पुढची-मागची चाकं नुसती हात धरायला. आता सहाही चाकं जमिनीला चिकटली होती, आणि वळायचं म्हटलं की टोकाची चार चाकं आडवी फरफटत न्यावी लागत होती. माझं गणित, माझं डिझाइन वगैरे सगळं त्या सरकलेल्या पट्टीने केलं होतं.

मी अंकलना फोन लावला. बंद. गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात फोन केल्यावर कळलं की ते सहकुटुंब गावाबाहेर गेलेत, दोन दिवस दुकान बंद. दुसरी जुनी पट्टी त्या बंद शटरच्या आत. एका जुन्या पट्टीवर गाडी उभी राहणार नव्हती. होल कानशीने खाली सरकवलं असतं तर बेअरिंग त्यात खुळखुळलं असतं. सगळ्या वाटा बंद. मला आठवतंय, मी पंख्याखाली बसून अंकलच्या नावाने काय काय बोलले. इतकी वर्षं कोणाच्या कामात डोकं घातलं नाही, आणि माझ्याच पट्टीत हौस आली का यांना?

"होल खाली जात नाही तर चाक मोठं करू," प्रोग्रामिंगवाला म्हणाला. मधल्या चाकांवर रबराची पट्टी चिकटवायची. सायकलच्या ट्यूबची, दोन थर. तेवढंच खाली येईल.

मी अंबरनाथला धावले. शिवमंदिराच्या रस्त्याला ती जत्रा! पाळणे, उसाचा रस, पिपाण्या, दर्शनाची रांग वळून वळून पार नाक्यापर्यंत आलेली. आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याने त्या दिवसापुरता धंदा बदलला होता: टायरांच्या जागी चपला रचून भाविकांच्या चपला सांभाळत बसला होता.

"आज पंक्चर नाय," तो म्हणाला.

"पंक्चर नको दादा, फाटकी ट्यूब द्या. आणि सोल्युशन."

"गर्दी बघतेस ना? उद्या ये."

"उद्या माझं सगळं संपलेलं असेल हो!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी तर तिथे चपलांचे टोकन वाटत उभी राहिले, तेव्हा कुठे तो आत जाऊन ट्यूब शोधायला लागला.

संध्याकाळी व्हरांड्यात गाडी वळली. पहिल्यासारखी लट्टू नव्हे, जरा कण्हत, पण वळली. डुललीसुद्धा. प्रोग्रामिंगवाल्याने तिच्या पाठीवर थाप मारली आणि सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. सोल्युशन पक्कं वाळायला रात्र पुरेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. पुरेल ना? पुरेल रे.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका कॉलेजाच्या हॉलमध्ये, चकचकीत फरशीवर, आमची गाडी सरळ निघाली. खांबापाशी पोचली. वळायला लागली. अर्धा वळसा झाला, आणि डाव्या मधल्या चाकावरून काळी जीभ बाहेर यावी तशी ट्यूबची पट्टी सुटून लोंबायला लागली. मी "थांबव" म्हणेपर्यंत ती चेनमध्ये गेली. कर्र असा आवाज, चेन दात सोडून खाली. गाडी थांबली ती आमच्याकडे पाठ करून. प्रोग्रामिंगवाला रिमोटची बटणं दाबतच राहिला. वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी दाबत होता. मी त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला.

खोली रिकामी करायला फार वेळ लागला नाही. आमचं होतंच काय? सरांनी एकही शब्द ऐकवला नाही, उलट टेबल उचलायला लागले, आणि मला ते जास्त लागलं. पाने-पक्कडी खोक्यात गेल्या. भिंतीवर त्यांचे पांढरे ठसे तेवढे उरले. आम्ही अजून व्हरांड्याच्या वळणावर पोचलो नव्हतो तोच शिपाई गठ्ठ्यांची पहिली ढकलगाडी घेऊन आला. मावशींनी दारावरचं खडूचं नाव पुसलं. शनिवार नव्हता.

मी मनात एकच घोकत होते: कॅम्प चार. अंकलना जाऊन सांगायचं. सरळ तोंडावर सांगायचं की तुम्ही आमची खोली घालवलीत. रिक्षात बसून मी वाक्यं जुळवली, हिंदीत, एक शब्द अडायला नको म्हणून. पिशवीत त्यांची चमकती पट्टी होती. ती त्यांच्या टेबलावर आपटायची, हेही ठरलं होतं.

अंकल मशीनवर होते. मला बघताच त्यांनी मशीन बंद केलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की माझं जुळवलेलं पहिलं वाक्य तसंच राहिलं. मागच्या खिळ्यावर माझी जुनी पट्टी टांगलेली होती. ती त्यांनी काढली, फडक्याने पुसली, आणि मधल्या होलावर बोट ठेवलं.

"एक बात बोलूँ बेटा? चालीस साल में पहली बार सँपल से हट के काम किया. तेरा ये बीचवाला होल नीचे था. तूने देखा नहीं होगा, बच्ची है. मैंने सोचा, सेम टू सेम दे दूँ तो इसका रूम चला जाएगा. घर पे भी बात की. फिर एक लाइन में सीधा कर के दिया. तेरेको बोला नहीं, सोचा खुद देखेगी तो खुश होगी." आणि मग, जरा लाजल्यासारखं, "देखा था ना?"

माझा हात पिशवीतल्या पट्टीवर होता. ती गार होती.

"देखा अंकल," मी म्हणाले. "एकदम सीधा था."

"और रूम?"

गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मी ती चालू व्हायची वाट बघितली.

"है ना अंकल," मी म्हणाले. "रूम है."

त्यांनी टेबलावर जोरात हात मारला आणि पोरग्यासारखे ओरडून समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. मी स्टुलावर बसले आणि तो चहा प्यायले. पुढच्या वर्षीचं सँपल पण माझ्याकडेच आण, असं ते म्हणत होते, आणि मी मान हलवत होते.